दोन ते सहा

गल्लीच्या वळणावर मदतनीस मावशी दिसतात. दोन पोरं हाताला, एक पदराला, चार मागं-पुढं. त्यातल्या एकानं भोकाड पसरलेलं आणि एकाच्या पायात चप्पल एकच. रस्त्यावरून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, बिद्रीच्या कारखान्याकडं निघालेला. स्पीकरवर गाणं दणाणतंय. मावशी सगळ्यांना एका दुकानाच्या पायरीवर चढवतात, ट्रॅक्टर पुढं जाईपर्यंत हात आडवा धरून उभ्या राहतात आणि मग डोकी मोजतात. सात. चला.

पावणेदहा वाजलेत. 2025 चा नोव्हेंबर. दिवाळी होऊन गेलीय, भाताची मळणी उरकत आलीय, गळीत हंगाम नुकता सुरू झालाय. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटी गावातल्या राबणाऱ्या बायका या वेळेपर्यंत कधीच घराबाहेर पडलेल्या आहेत. कुणी भांगलणीला, कुणी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला, कुणी कापड दुकानात, कुणी लोकांकडं धुण्याभांड्याला. पोरांना अंगणवाडीत आणून सोडायला घरी कुणी नसतं, म्हणून मावशी रोज घरोघरी फिरून त्यांना गोळा करतात. हे काम त्यांच्या नेमणुकीच्या कागदात आहे की नाही, त्यांना ठाऊक नाही. “आनलं न्हाई तर येनारच न्हाईत की वो,” एवढंच त्या म्हणतात.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला नळ. भिंतीवर फळं, प्राणी, मुळाक्षरं. दाराच्या चौकटीजवळ उंचीची पट्टी, कोपऱ्यात वजनकाटा. सेविकाताई आधी फोन हातात घेतात. पोषण ट्रॅकरचं ॲप उघडायचं, केंद्र उघडल्याची नोंद टाकायची, हजेरी भरायची, फोटो काढायचा. पोरं सतरंजीवर बसेपर्यंत हे झालं पाहिजे, नाही तर मग झालंच नाही. नेटवर्क आज बरं आहे. काल पडवीच्या टोकाला जाऊन, हात वर करून फोटो पाठवावा लागला होता, असं त्या हसत सांगतात.

प्रार्थना होते. बडबडगीत होतं. हातवारे सगळ्यांचे येतात, शब्द तिघा-चौघांचेच. त्या एकाच चप्पलवाल्यानं दुसरीही काढून टाकलीय आणि तो आता ठोकळ्यांचा ट्रॅक्टर करतोय. त्याच्या मागं दोन ट्रॉल्या. तोंडानं गाणंही चालू आहे.

साडेदहाच्या सुमाराला एक तरुण आई कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन येते. कपाळावर घाम आहे. दुकानातून तासाभराची सुटी काढून आलीय. आहाराची पाकिटं न्यायची आहेत. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना अंगणवाडीतून घरी शिजवायचा कोरडा आहार मिळतो आणि 1 जुलै 2025 पासून तो देताना चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. सेविकाताई फोन तिच्या तोंडासमोर धरतात.

“डोळं मिचकाव.”

ती मिचकावते. फोन विचार करतो. नाही म्हणतो.

“पदर खाली घे. उजेडाकडं तोंड कर. हां, आता.”

पुन्हा नाही. मुलगी फोन ओढायला बघते. तिसऱ्या खेपेला हिरवी खूण उमटते आणि पडवीतल्या सगळ्यांनाच हायसं वाटतं. पाकिटं पिशवीत जातात. आई मुलीला शेजारच्या आजीकडं सोडून पुन्हा दुकानात पळणार आहे. आजीला गुडघ्यांमुळं उठवत नाही, त्यामुळं रांगणाऱ्या पोरीच्या कमरेला ओढणी बांधून तिचं टोक खाटेच्या पायाला बांधतात, असं ती सहज सांगते. त्यात तिला सांगण्यासारखं काही वाटत नाही. तिच्या माहितीतल्या बहुतेक घरांत असंच काहीतरी आहे.

त्या फोनला या मुलीचं वजन माहीत आहे, उंची माहीत आहे, लसी माहीत आहेत. मागच्या महिन्यात ती किती ग्रॅमनं वाढली हे दिल्लीत बसून बघता येतं. आई दुकानात असताना ती कुणाजवळ आहे, हा रकाना मात्र त्यात नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात पहिली निवड मेळघाटातल्या धारणीची होती. तिचं अर्धं शतक नुकतंच भरलं. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखाहून अधिक. एवढं मोठं जाळं जगात फार थोड्या देशांकडं आहे आणि ते उभं करणाऱ्यांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याची मूळ घडण आहार, लसीकरण, तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण यांच्याभोवतीची आहे. मूल दिवसभर सांभाळणं हे त्यातलं काम नव्हतंच. तीन ते सहा वयाचं मूल काही तास खोलीत येतं. त्याहून लहान मूल फक्त रजिस्टरात आणि पाकिटात.

खोलीत मात्र वेगळंच दिसतं. अकराच्या आसपास नऊ-दहा वर्षांची एक मुलगी दारात येऊन उभी राहते. शाळेचा गणवेश अंगात आहे, दप्तर नाही. कडेवर भाऊ, दीडेक वर्षाचा, तिच्या अंगाच्या मानानं चांगलाच जड. ती काही बोलत नाही. मावशीही बोलत नाहीत. त्या उठतात, पोराला घेतात, ते त्यांच्या खांद्यावर सरावानं डोकं टाकतं, आणि मुलगी वळून पळत सुटते. शाळा भरून बराच वेळ झालाय, पण पोचेल.

कोपऱ्यात खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याची झोळी आहे. मघापासून मला वाटत होतं, ती सामान ठेवायला असेल.

“हे कागदावर न्हाई बरं का ताई,” मावशी झोका देत म्हणतात. “लिव्हू नका.” मग थोड्या वेळानं, “लिव्हा. पन गल्लीचं नाव नका घालू.”

म्हणून घालत नाही.

ही दारातली मुलगी ताराबाई मोडकांना चांगली ओळखीची होती. 1945 मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत काम करताना दिसलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं असतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा विकासवाडीचा: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताईनं भावाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि स्वतः वर्गात जायचं. सरकारनं ताराबाईंची अंगणवाडी उचलली, देशभर नेली. पाळणाघर मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिलं. गारगोटीतल्या या खोलीत ते आज लुगड्याच्या झोळीत लोंबतंय, बेकायदा म्हणावं तर बेकायदा.

बारा वाजता बचत गटाच्या बाई डबा घेऊन येतात. मटकीची उसळ आणि भात. पोरं ताटल्या घेऊन भिंतीला पाठ लावून बसतात. चप्पलवाल्याला वाढून झाल्याझाल्या आणखी हवंय. खाऊ घालणं हा अंगणवाडीचा सगळ्यात पक्का भाग आहे आणि तो बघताना बरं वाटतं. साध्या मुलामागं दिवसाला 8 रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागं 12 रुपये, हा दर 2017 मध्ये ठरला; त्यातले निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. बचत गटाच्या बाईंना केंद्र-राज्य यात रस नाही. त्यांना तेलाच्या पिशवीचा भाव पाठ आहे, मटकीचा आहे, आणि बिल किती महिन्यांनी निघतं तेही. “आठ रुपयात चहा मिळतो का सांगा,” त्या मला विचारतात. स्टँडवर अजून दहाचा आहे, मी सांगते. त्या मान हलवतात आणि पातेलं खरवडून शेवटचा भात झोळीतल्या पोरासाठी वाटीत काढतात. तेही कागदावर नाही.

दोनला खोली रिकामी होते. आता मावशी उलट्या फेरीला निघतात. कुणाला आजीकडं, कुणाला चुलतीकडं, एकाला थेट बापाच्या पंक्चरच्या दुकानात. झोळीतलं पोर सेविकाताईंच्या मांडीवर आहे, त्याची बहीण पाचला शाळा सुटल्यावर येणार. ताईंना आता गृहभेटी आहेत. एका गरोदर बाईकडं आणि दोन बाळंतिणींकडं जायचंय. त्या पोराला घेऊनच निघतात.

मी बाजारपेठेकडं वळते. दुपारची सुस्ती आहे. भाजीच्या एका पाटावर मेथी, कोथिंबीर, गवार. पाटाखाली टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट, क्रेटमध्ये गोधडी आणि गोधडीवर पोर झोपलेलं. डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्रीला पोतं बांधलंय.

“अंगणवाडीत का नाही ठेवत?”

“दीड वर्साचं हाय. तीनाच्या फुडं घेत्यात.” बाई जुडीवर पाणी शिंपडतात. “आनि थोरला जातो की. दोनला सुटतो. माझा बाजार सुटतो सातला. मधल्या टायमाला काय त्याला गुंडाळून ठिवू?” त्यांनी बोट केलं तिकडं थोरला, चारेक वर्षांचा, दोन हातगाड्यांच्या मधल्या फटीत बसून कोबीची पानं फाडतोय. पलीकडून मोटारसायकली सुसाट जातायत.

पाळणाघराचा हक्क देणारे कायदे आपल्याकडं आहेत, आणि वाचायला चांगले आहेत. 1948 च्या कारखाना कायद्यानुसार 2025 पर्यंत तीसहून जास्त बायका कामाला असल्या तर कारखान्यात पाळणाघर लागायचं. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यानं पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर ते बंधन घातलं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यावं असंही त्यात होतं. गारगोटीच्या बाजारपेठेत पन्नास माणसं कामाला असलेलं एक कापड दुकान मला कुणी दाखवावं. रोजगार हमीच्या कायद्यात पाच लहान मुलं कामावर आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद आहे. पण भाजीचा पाट, परक्याचं रान, दुसऱ्याच्या घरची भांडी, यातलं काहीच कुठल्या कलमात बसत नाही, आणि इथल्या बहुतेक बायका याच तीन ठिकाणी असतात. शिक्षक, बँकवाले, दवाखान्यातल्या नर्सबाई खासगी पाळणाघर नाहीतर पगारी बाई गाठतात. त्यांचीही ओढाताण होते, पण त्यांना निदान दार ठोठवायला जागा असते.

बाजारातून पुढं गेलं की मौनी विद्यापीठाचं आवार लागतं. 1952 मध्ये डॉ. जे. पी. नाईकांनी ते इथं उभं केलं, ग्रामीण भागाचं शिक्षण ग्रामीण भागातच घडावं म्हणून. शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस पुढं कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव झाला. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणातला हाती न लागणारा त्रिकोण आहे, असं त्यांनी 1975 मधल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच म्हणून ठेवलं. अंगणवाड्या निघाल्या त्याच वर्षी. बालसंगोपनाच्या सरकारी घोषणा वाचताना मला त्यांचा त्रिकोण आठवतो, कारण घोषणेत नेहमी एकच कोन असतो: संख्या. अमुक इतकी केंद्रं, तमुक इतक्या इमारती. ग्रामीण अंगणवाडीच्या नव्या इमारतीचं 12 लाखांचं गणित कागदावर नीट बसवलेलं आहे: 8 लाख रोजगार हमीतून, 2 लाख वित्त आयोगाच्या निधीतून, 2 लाख महिला व बालविकास खात्याकडून. बांधकामाला पैशाची वाट सापडते. दुपारी दोननंतर त्याच इमारतीला कुलूप लागतं, तेव्हा आत बसायला माणूस ठेवायचा तर त्याची वाट कुठल्या लेखाशीर्षातून काढायची, तिथं सगळं अडतं. केंद्र कुठं हवं हे लोकसंख्येवरून ठरतं, 400 ते 800 लोकांमागं एक. आणि हातात जनगणना आहे ती 2011 ची. त्या मोजणीतलं सगळ्यात धाकटं बाळ आज नववीत आहे.

गावाबाहेर, पडीक रानात ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्यात. बीडकडची टोळी आहे, दिवाळीनंतर आलेली. साडेतीन वाजलेत, ऊन पिवळं व्हायला लागलंय. माणसं फडात आहेत. पहाटे चारला गेलेल्या बायका मोळ्या वाहून, ट्रॉली भरून, अंधार पडताना येतील आणि आल्यावर चुली पेटवतील. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचलही जोडीनंच घेतलेली, त्यामुळं बाईनं पोरासाठी मागं राहायचं तर अर्धा कोयता पडतो.

कोप्यांत तीन म्हाताऱ्या, दोन शेळ्या आणि पोरं. पोरांची मुख्य अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिच्याजवळ दोन तान्ही आहेत, एक तिचा भाऊ, दुसरं शेजारच्या कोपीतलं. अंगावर पिणारी फडात आईसोबत गेलीत, ती सांगते. बांधावर उसाच्या सावलीत झोळी करून ठेवतात. “इथली बाई आली होती का, अंगणवाडीची?” मी विचारते. आली होती. काटा घेऊन आली होती, वजनं केली, पाकिटं दिली. मुलगी कोपीत जाऊन पाकीट आणून दाखवते, मी खोटं समजू नये म्हणून. ही दखल लहान नाही. काही वर्षांपूर्वी बीडहून निघालेलं पोर कोल्हापूरच्या यादीत पोचायचंच नाही. आता फोनमध्ये नाव शोधून त्याचा आहार इथं चालू करता येतो. पण काटा आणि पाकीट देऊन ताई परत जातात. पोरं या मुलीजवळच राहतात.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागं कारखान्यांनी 10 रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारनं घालायचे, अशी त्याच्या पैशाची सोय आहे. त्यातून गावाकडं वसतिगृहं निघाली, मोठी मुलं तिथं राहून शिकू शकतात, आणि ते योग्यच आहे. पण वर्षाचं पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर येतं, आणि त्याला बघायला म्हणून वसतिगृहात जायच्या वयाची बहीणही येते. समोर ती उभीच आहे, पाकीट हातात धरून.

इथून निपाणी जवळ. सीमेपलीकडं कर्नाटकनं 2023 च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे बाळघरं जाहीर केली, आणि सांभाळणाऱ्या बायकांची मजुरी रोजगार हमीला जोडली. तिथंही सगळं आलबेल असेल असं मला वाटत नाही. चार हजार दारं उघडणं आणि ती रोज उघडी ठेवणं यात अंतर असतं. पण पोर सांभाळणं ही मजुरी आहे, उपकार किंवा सेवा नाही, एवढं तरी तिथं कागदावर आलं.

पाच वाजून गेल्यावर मी अंगणवाडीत परत येते. कुलूप नाही. सेविकाताई पडवीत बसून रजिस्टर लिहितायत; फोनमध्ये भरलेलंच पुन्हा वहीत. मावशी झोळी सोडून धुवायला काढतायत. भावाला न्यायला आलेली मुलगी एक बिस्किट त्याला आणि एक स्वतःला, असा हिशेब करत बसलीय.

पाळणा योजनेचा विषय मीच काढते. ताईंनी मोबाईलवर वाचलंय. केंद्राच्या मिशन शक्तीखाली 17,000 अंगणवाड्यांना पाळणाघरं जोडायची, असं 2022 मध्ये ठरलं. खर्च केंद्र 60, राज्य 40. महाराष्ट्रात 2025 मध्ये पहिल्या टप्प्याला 345 पाळणाघरं मंजूर झाली. सहा महिने ते सहा वर्षांची जास्तीत जास्त 25 मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. नाश्ता, जेवण, झोपायची सोय.

“आपल्यात आली तर पंचवीसात बसवायचं कुणाला, ते आधी बघायला लागंल,” ताई म्हणतात. त्यांच्या डोक्यात यादी तयार आहे. भाजीवालीचं, दुकानातल्या पोरीचं, खाटेला बांधलेलं, झोळीतलं, विटभट्टीकडची तिघं. बोटं दोनदा संपतात आणि ताई अजून खालच्या गल्लीत पोचलेल्या नाहीत. “आणि टोळीतली धरायची म्हटली तर सोडूनच द्या.”

“नवीन बाई मिळेल का कामाला?”

“साडेपाच हजारात?” ताई पेन खाली ठेवतात. पाळणा सेविकेला महिन्याला 5,500, पाळणा मदतनिशीला 3,000. मी मोबाईलवर भागाकार करते. सव्वीस दिवसांनी भागलं तर सेविकेला रोज 211 रुपये पडतात, मदतनिशीला 115. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी 2025-26 साठी 312 ठरलीय. “भांगलणीला तीनशे मिळतात,” मावशी नळावरून ओरडून भर घालतात, “आनि भांगलन काय हगत-मुतत न्हाई.”

ताई मोठ्यानं हसतात, मग वही मिटतात. त्यांना हे नवीन नाही. 4 डिसेंबर 2023 पासून 25 जानेवारीपर्यंत त्या संपावर होत्या, बावन्न दिवस; कोल्हापूरला मोर्चाला जायला पदरचे पैसे घालून एसटीनं गेल्या. मग 2024 मध्ये सेविकांचं मानधन 13,000 झालं, वर कामावर अवलंबून 2,000 पर्यंत. मदतनिशींचं 7,500 आणि वर हजारापर्यंत. अजूनही ते मानधनच. पगार म्हणायचं नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलं, ते कात्रण त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय.

“पाळणा आला तर आमाला किती वाढवून देनार?” मावशी लुगडं पिळत येतात.

“मला पंधराशे, तुला साडेसातशे.”

मावशी थोडा विचार करतात. “मी आत्ता फुकट करतो. म्हंजे साडेसातशे फायदाच की.”

“अगं, पण मग तू झोळी हलवायची नाही. त्याला वेगळी बाई. पाळणा मदतनीस.”

“मग मीच व्हतो ती.”

“दहावी लागती. तुझी सातवी.”

मावशी लुगडं दोरीवर टाकतात आणि दोन्ही टोकं ओढून सरळ करतात. त्यांनी या झोळीत किती पोरं मोठी केली, हे मी विचारते. त्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याचं नाव घेतात, त्याला आता मिशा आहेत. मग त्यांना एकदम सुचतं. “सून दहावी हाय माझी. दहावीला बासष्ट टक्के हायती तिला. तिला लावू की.”

“लाव की.”

“पन ती बाळंत झालीया न्हवं. चौथा म्हैना. पोरगीला संगट आनली तर चालतंय?”

“सहा महिन्यांच्या पुढचं लागतं.”

“मग तवर तिची पोरगी कोन बघनार?”

ताई उत्तर देत नाहीत, नुसत्या मावशींकडं बघतात. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. “म्हंजे सून लोकाची पंचवीस बघनार, आनि तिचं एक मी,” त्या म्हणतात. “आनि हितली सात रोज गोळा करून कोन आननार, तुमी?”